सीगेट फार्मवरून परत पाठवलेल्या दोघी

हॅलिफॅक्स, यॉर्कशायर
१९ जुलै १९५७

श्रीमती हॅना रटर यांस,
सीगेट फार्म, स्केलहोप, नॉर्थम्बरलंड

बाई, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि गेल्या आठवड्यानंतर ओळख व्हावी अशी इच्छाही उरलेली नाही. तरी लिहिते आहे, कारण गप्प बसले तर मला अन्न पचायचं नाही.

मी लेटिस गारसाइड. पोस्टाच्या खिडकीवर काम करते. माझी मैत्रीण ऊना ब्रिअर्ली लोकरीच्या गिरणीत कापड दुरुस्त करायला बसते. विणताना सुटलेले धागे दिवसभर सुईनं भरून काढायचे, हेच तिचं काम. आमच्या गावातल्या गिरण्या उन्हाळ्यात एकच आठवडा बंद असतात. वर्षभरात ऊनाच्या वाट्याला मोकळी हवा येते ती तेवढीच. त्या आठवड्यात आम्ही दोघी सायकली काढतो आणि मोटारींना सापडलेले नाहीत असे रस्ते धुंडाळतो.

यंदा बेरिकला आगगाडीतून उतरलो आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे निघालो. काय दिवस होते ते! दोन्हीकडे रानगुलाबाची कुंपणं, मधून जेमतेम एका गाडीपुरता रस्ता, आणि तासन्‌तास समोरून कोणी नाही. दर फाटकाशी ऊना उतरायची, फाटक उघडायची, गाईंची विचारपूस करायची आणि फाटक पुन्हा लावून घ्यायची. होली आयलंडसमोरच्या वाळूत आम्ही बूट काढून पाव खाल्ला. ऊना म्हणाली, “लेटी, माझ्या कानातला मागांचा खडखडाट आत्ता थांबला बघ.”

आणि मग आम्ही तुमच्या दारात आलो.

खोली मी एप्रिलमध्येच राखून ठेवली होती. ‘संध्याकाळी गरम हॅम मिळेल, अंथरुणं कोरडी असतील,’ असं तुम्ही तुमच्याच अक्षरात कळवलं होतं. दुपारनंतर समुद्रावरून धुकं आलं, त्यात पाऊस. रेनकोटातून पाणी निथळत होतं. फाटकाशी एक गृहस्थ उभा. म्हणाला, “खोल्या भरल्यात.”

मी म्हटलं, “अहो, आमची खोली एप्रिलपासून राखून ठेवलीय.”

“असेल. पण ती मोटारीतून आलेल्या लोकांना दिली. मालकीणबाईंनीच सांगितलंय. सायकलवाल्यांचा काय भरवसा? आले तर आले.”

ऊना म्हणाली, “निदान चहा तरी मिळेल का हो? हात गारठलेत.”

“पुढच्या गावात खाणावळ आहे. सगळा उतारच आहे, पाय हलवायचीही गरज नाही.”

त्याच उतारावर ओल्या शेणावरून ऊनाचं चाक घसरलं आणि ती दगडी कुंपणावर आदळली. खांद्याचं हाड मोडलं. दुधाचे कॅन नेणारी एक लॉरी देवासारखी आली म्हणून दवाखाना तरी गाठता आला. सुट्टीचे उरलेले दिवस तिनं दवाखान्याच्या छताकडे बघत काढले.

तुमच्या मोटारवाल्या पाहुण्यांना झोप छान लागली असेल, नाही का?

लेटिस गारसाइड


सीगेट फार्म, स्केलहोप
२३ जुलै

मिस गारसाइड,

तुमचं पत्र न्याहारीला बसले असताना वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला. या घरात माझ्या सासूच्या काळापासून सायकलवरून येणारी माणसं उतरत आली आहेत. भिजून आलेल्यांचे मोजे मी माझ्या चुलीवर वाळवले आहेत. एकदा तर लीड्सच्या एका नवऱ्यामुलीला माझ्या खोलीत झोपवून मी खुर्चीत पाठ टेकली. आणि मी, हॅना रटर, दोन बायकांना पावसात हाकलून देईन? असं लिहिताना तुमचा हात कसा धजावला?

आता माझी बाजू ऐका. त्या दिवशी दुपारी आमच्या घरी फोन आला की हॅलिफॅक्सच्या बाया येत नाहीत, पावसाला भिऊन परत निघाल्या. फोन मी घेतला नव्हता. वसंतात पडल्यापासून माझा खुबा धड नाही. मागच्या स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत पोचेपर्यंत तो वाजायचा थांबतो. घरातल्या माणसानं घेतला आणि मला निरोप दिला. मी तेव्हा हॅमवर लवंगा टोचत होते. राग कुणाला यायला हवा होता, तुम्हीच सांगा!

आणि मोटारवाले पाहुणे कुठले काढलेत? त्या दिवशी माझ्या घरात एकही पाहुणा नव्हता. अंगणात मोटार होती ती आमचीच. तुमच्यासाठी शिजवलेला हॅम आम्ही पुढे कंटाळा येईपर्यंत खात होतो.

तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात गेला असाल. इथलं धुकं असं असतं की परक्याला चर्च कुठलं आणि गोठा कुठला ते कळत नाही. तुमच्या मैत्रिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण तिचं हाड माझ्या नावावर टाकू नका.

हॅना रटर


हॅलिफॅक्स
२६ जुलै

श्रीमती रटर,

दार चुकलं म्हणता? तुमच्या फाटकावर पांढऱ्या अक्षरांत ‘सीगेट’ लिहिलेलं आहे. आत शिरताच उजव्या हाताला एका जुन्या होडीत माती भरून लाल फुलं लावली आहेत. पायरीचा दगड मधोमध झिजलेला आहे. अजून सांगू?

तो गृहस्थही सांगते, म्हणजे तुम्हाला ओळखायला सोपं जाईल. पस्तिशीच्या आतला, उंच, केस तांबूस, अंगात शहरी कोट. बोलताना मोटारीची किल्ली बोटाभोवती फिरवत होता, आणि प्रत्येक वाक्याला डावी भुवई वर चढत होती. आम्ही निघालो तसं त्यानं फाटक लावलं आणि कडीही घातली. गाईंनासुद्धा कोणी इतक्या घाईनं बाहेर काढत नाही.

आणि फोन! आम्ही फोन केला नाही. पावसाला भिऊन परत जाणाऱ्या बायका आम्ही नव्हे. हॅलिफॅक्सला पाऊस पडत नाही असं वाटतं का तुम्हाला?

तुम्ही एका पत्रात तीन गोष्टी नाकारल्यात आणि उलट मलाच दटावलंत. तेव्हा कालच मी आमच्या सायकल मंडळाच्या मासिकाला सगळी हकीकत लिहून पाठवली आहे. मंडळानं मुक्कामासाठी जी घरं सुचवली आहेत त्यांतून तुमचं नाव काढून टाकावं, अशी मागणीही केली आहे. दुसऱ्या कुणाची हाडं मोडायला नकोत.

लेटिस गारसाइड


सीगेट फार्म
२० ऑगस्ट

मिस गारसाइड,

तुमचंच बरोबर आहे. चूक माझी. माझं वय झालं, गोष्टी लक्षात राहत नाहीत. खोली मी दुसऱ्यांना दिली असेन आणि विसरले असेन. फाटकाशी जो होता तो गडी होता, त्याला मीच सांगितलं असेल.

मिस ब्रिअर्लींची माफी मागते. मासिकाला पाठवलेलं पत्र परत घेता आलं तर घ्या. आणि कृपा करून आता मला लिहू नका.

हॅ. रटर


हॅलिफॅक्स
२३ ऑगस्ट

रटरबाई,

नाही, लिहिणार. महिनाभर गप्प बसून तुम्ही हे पाठवलंत?

जुलैत ज्या बाईनं मला पत्रातून झोडपून काढलं, तिला हॅममधल्या लवंगासुद्धा आठवत होत्या. तीच बाई आता म्हणते की खोली कुणाला दिली ते आठवत नाही. आणि शहरी कोट घालून मोटारीची किल्ली फिरवणारा गडी नॉर्थम्बरलंडमध्ये कधीपासून मिळायला लागला? तुम्ही खोटं बोलताय, बाई, आणि तेही फार वाईट बोलताय. सवय नाही तुम्हाला, हे स्पष्ट दिसतं. पहिल्या पत्रानं मी तुमच्यावर संतापले होते. या पत्रानं जास्त संतापले आहे. कुणाला पाठीशी घालताय?

कारण ऐका, इथं काय झालंय ते. ऊनाच्या गळ्यात अजून झोळी आहे. उजवा हात डोक्यापर्यंत जात नाही. सुईचं काम, उजेडाकडे कापड ताणून धरायचं काम, ते कसं व्हायचं? गिरणीतल्या मुकादमानं तिची खिडकीजवळची जागा दुसऱ्या मुलीला दिली. ऊना शाळा सोडल्यापासून त्या जागेवर बसत होती. मुकादम तिला म्हणतो, “सायकली हाकत फिरायला सांगितलं कुणी होतं?”  ती घरी येऊन बटाटे सोलायला बसली, एका हातानं.

माझं पत्र सप्टेंबरच्या अंकात येणार आहे. परत घेता येत नाही. आणि खरं सांगायचं तर, जे घडलं त्याचं नाव-गाव मला कळेपर्यंत ते मी घेणारही नाही.

लेटिस गारसाइड


सीगेट फार्म
५ सप्टेंबर

मिस गारसाइड,

तो माझा मुलगा आहे. राल्फ.

तुम्ही भुवईचं लिहिलंत तेव्हाच मला कळलं होतं. ती सवय त्याच्या बापाची. ते पत्र मी चुलीत टाकलं आणि रोज मनाला समजावत राहिले की तांबूस केसांची माणसं पुष्कळ असतात.

आमच्या घराखाली समुद्राकडे उतरणारं एक कुरण आहे. न्यूकॅसलचा एक माणूस तिथं कॅरव्हॅन उभ्या करू म्हणतो. ओळीनं चाकावरच्या खोल्या, उन्हाळाभर भाड्यानं. राल्फला ते हवं आहे. घर आणि जमीन माझ्या नावावर आहेत, म्हणून माझी सही लागते. मी त्याला सांगितलं होतं, जोवर माझ्याकडे पाहुणे येतायत तोवर मी सही करणार नाही.

तेव्हा त्यानं पाहुणेच बंद केले. माझा खुबा मोडल्यापासून फोन तो घेतो, फाटकाशी तो जातो. येणाऱ्यांना सांगायचं जागा नाही, आणि मला सांगायचं ते येत नाहीत. आणि मी काय करत होते? उन्हाळाभर गाद्यांना ऊन दाखवत होते. पडदे धुवत होते. वाटायचं, जगच बदललं. माणसांनी सायकली विकून मोटारी घेतल्या असतील, म्हातारीकडे आता कोण येणार! या खिडकीत बसून मी त्या रिकाम्या रस्त्याकडे किती बघितलंय, ते तुम्हाला कळायचं नाही.

काल तुमचं मासिक आलं. राल्फनं ते माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवलं. म्हणाला, “बघ आई, तुझे लाडके सायकलवाले काय लिहितायत. यादीतून नाव गेलं. आता तरी सही कर.”

मी विचारलं, “फाटकाशी तू होतास ना?”

“तुझ्याच भल्यासाठी केलं. या वयात परक्यांची अंथरुणं घालत बसणार आहेस का?”

“त्या मुलीचं हाड मोडलं, राल्फ.”

“मी काय ढकललं तिला?”

मिस गारसाइड, त्याच्यावर मी संतापले आहे, पण तुमच्यावरही संतापले आहे. त्याला जे वर्षभर जमलं नाही ते तुम्ही एका पानात करून दिलंत.

हॅना रटर


हॅलिफॅक्स
८ सप्टेंबर

रटरबाई,

तुमचं पत्र वाचून मी पोस्टाच्या मागच्या खोलीत जाऊन एका रिकाम्या पोत्याला लाथ घातली. साहेब बघत होते, बघू देत.

काल कामावर रजा टाकून थेट मासिकाच्या संपादकाकडे गेले. तो म्हणतो पुढच्या अंकात खुलासा छापतो आणि तुमचं नाव यादीत परत घालतो. पण मला तेवढ्यानं समाधान नाही. मी सगळं छापून आणते, राल्फच्या नावानिशी. आईला घरात बसवून फाटकातून माणसं हाकलणारा मुलगा! आख्ख्या इंग्लंडला कळू दे. तुम्ही फक्त हो म्हणा.

लेटिस


सीगेट फार्म
११ सप्टेंबर

लेटिस,

नाही म्हणते.

माझ्या पोराचं नाव छापायचं नाही. खुलाशात एवढंच येऊ दे की घरमालकिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे वाचून तू उसळशील, ठाऊक आहे मला. म्हणशील, म्हातारी अजून त्यालाच सांभाळते. तसं नाही. त्याला शिक्षा परक्यांकडून, छापखान्यातून मिळाली तर तो जन्मभर स्वतःलाच बिचारा समजेल. मला ते नको आहे. त्यानं शरमेनं मान खाली घालावी, आणि ती त्या मुलीसमोर घालावी.

मी त्याला सांगितलंय, मोटार काढ, हॅलिफॅक्सला जा, आणि तिच्यासमोर उभा राहा. तोवर माझ्याशी बोलू नकोस. चार दिवस झाले, घरात घड्याळाशिवाय कशाचाही आवाज नाही. आज सकाळी तो म्हणाला, रविवारी जातो.

ऊनाला आधी सांगून ठेव. तिला भेटायचं नसेल तर दार उघडू नका.

हॅना


हॅलिफॅक्स
१६ सप्टेंबर

हॅनाबाई,

आला होता. आता मी कुणाकुणावर चिडले आहे ते ऐका.

काल दुपारी मोटार ऊनाच्या दारासमोर थांबली तशी आख्ख्या गल्लीचे पडदे हलले. दार मी उघडलं. त्यानं टोपी काढली. मी त्याला पायरीवरच उभा केला आणि दोन महिने साठवलेलं सगळं सुनावलं. कोटावरून, किल्लीवरून, तुम्हाला मारलेल्या थापांवरून. पाऊस सुरू झाला तरी मी थांबले नाही. उलट मनातून म्हटलं, पड अजून.

तेवढ्यात आतून ऊनाचा आवाज, “लेटी, त्याला आत घे. दारातून वारा येतोय.”

तो खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, “तुम्ही पडाल असं मला वाटलं नव्हतं.”

ऊना म्हणाली, “मलाही वाटलं नव्हतं. पण आपण खोटं बोलतोय, हे तर तुला ठाऊक होतं ना?”

त्यानं होकाराची मान हलवली.

“आमच्यासारख्या किती जणांना परत पाठवलंस?”

त्यानं हातातली टोपी उलटसुलट केली. किटली शिट्टी घालायला लागली. मग म्हणाला, “आठवत नाही.” आणि तुम्हाला हवी होती ती मान तेव्हा खाली गेली. हे मी स्वतः पाहिलं, म्हणून लिहिते.

आता माझ्या संतापाचं दुसरं कारण. ऊनानं त्याला चहा दिला! तिच्या आईच्या निळ्या काठाच्या कपातून! मग तो बोलायला लागला. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता, शेतीत काही उरलं नाही, आई ऐकत नाही, त्याच्या वयाचे सगळे शहरात गेले. ऊना ऐकत बसली. वर त्याला आणखी चहा! मी जळत होते. तो गेल्यावर मी म्हटलं, “तुला काही अभिमान आहे की नाही? त्यानं तुला घोटभर चहा नाकारला होता!”

ती म्हणाली, “म्हणून तर दिला. दारात आलेल्याशी कसं वागायचं ते त्यानं एकदा बघू दे. तो कप मात्र तू धू. मी हात लावणार नाही.”

हॅनाबाई, मी कप धुतला. ऊना खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिकडेच बघत म्हणाली, “हात दुखतो त्याचं काही नाही, लेटी. पण आमच्या गिरणीत त्या खिडकीतून टेकडी दिसायची.” आणि तेव्हा कुठं ती रडली. पडल्यापासून पहिल्यांदा.

यावर मला काय सुचलं?  आज सकाळी जाऊन त्या मुकादमाशी भांडून आले. उपयोग झाला नाही, पण भांडले.

तुमची,
लेटिस


सीगेट फार्म
२७ एप्रिल १९५८

लेटिस, पोरी,

ऊनाला दुसऱ्या गिरणीत काम मिळालं, हे वाचून बरं वाटलं. खिडकी नाही म्हणतेस, पण माणसं बरी आहेत. हेही थोडं नाही. आणि तिचा हात अजून पुरता वर जात नाही म्हणून तुम्ही जोडसायकल मिळवलीत, पुढं तू आणि मागं ती. तुझ्या पाठीमागून तुला सूचना करायला तिला किती आवडेल, कल्पना करूनच हसू येतं.

आता इकडचं. मी सही केली नाही. राल्फनं पुन्हा विषय काढला नाही. हॅलिफॅक्सहून आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “आई, तू माझ्यावर किती दिवस रागावणार आहेस?” मी म्हटलं, “माझं आयुष्य संपेपर्यंत. तुझं जेवण झाकून ठेवलंय.” नाताळानंतर तो न्यूकॅसलला निघून गेला, त्याच कॅरव्हॅनवाल्याकडे कामाला. गाडी वळणाआड गेली तेव्हा मला वाटलं होतं, सुटका वाटेल. नाही वाटली.

फोन आता मी स्वयंपाकघरात आणून घेतलाय. ईस्टरला डरहॅमच्या एका शाळेतले पाचजण आले, चिखलानं इतके माखलेले की पोरं कुठली आणि मास्तर कुठला ते मला सांगता येईना. गेल्या वर्षीचा तो सगळा हॅम त्यांनी एका बैठकीत संपवला असता.

पण माझं डोकं आज ठिकाणावर नाही, कारण सांगते. आमच्या शेजारच्या यंगरनं त्याचं कुरण त्या न्यूकॅसलवाल्याला दिलं. मी दिलं नाही म्हणून त्यानं दिलं. गेल्या आठवड्यात कॅरव्हॅन आल्या, पिवळट रंगाच्या, समुद्राकडे तोंड करून दात काढल्यासारख्या उभ्या. खांबावर एक भोंगा बसवलाय. सकाळी आठला त्यातून नाचाची गाणी सुरू. बगळे उठून गेले. कौन्सिलच्या माणसाला मी बोलावून घेतलं, तर तो माझ्याच चुलीशी बसून म्हणतो, “बाई, ही प्रगती आहे.” मी त्याला म्हटलं, प्रगतीला झोप लागत नाही का?

आणि तिथं हिशोब ठेवायला, पोरांना ओरडायला कोण नेमलाय? आमचे चिरंजीव. लाकडी टपरीत बसतो, माझ्या खिडकीतून त्याची टोपी दिसते. दुपारी बारा वाजले की कुंपण ओलांडून माझ्याकडे जेवायला येतो.  मी वाढते, तो जेवतो, भोंगा वाजतो. परवा म्हणाला, “आई, आवाज थोडा कमी करायला सांगू का?” मी म्हटलं, “थोडा?”

भुवई वर गेली. मग तो हसला, आणि देवा, मीही हसले. आणि हसले म्हणून स्वतःवरच चिडले.

जुलैत या. खोली तुमची आहे, समुद्राकडची. लवकर निघता आलं तर लवकर निघा. इथं चिडण्यासारखं इतकं साठलंय, आणि बरोबर बसून चिडायला कोणी नाही.

तुझी,
हॅना रटर